विमानातली हवा, सोड्याचे बुडबुडे आणि भीती



९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली आणि तीनच दिवसांनी अहमदाबादचा भीषण अपघात झाला. एकीकडे गावात विमान आल्याचं कौतुक, दुसरीकडे टीव्हीवरची ती दृश्यं. मुलं विचारतातच, "सर, विमानात बसायला भीती नाही का वाटत?" नुसतं 'घाबरू नका' म्हणून हा प्रश्न मिटत नाही. मुलांना विमानाच्या आत काय चालतं ते सांगावं लागतं. त्यासाठी मला एका जुन्या मालिकेचा भाग फार उपयोगी वाटतो.

'हाऊस' ही डॉक्टरांवरची अमेरिकन मालिका. तिचा 'एअरबोर्न' हा भाग १० एप्रिल २००७ रोजी प्रसारित झाला. सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात एक प्रवासी आजारी पडतो. मग दुसऱ्याला उलटी होते, तिसऱ्याला मळमळतं, आणि विमानात साथ पसरल्याची बोंब होते. डॉ. हाऊस शोध घेतात तेव्हा दोन वेगळ्याच गोष्टी निघतात. पहिला माणूस प्रवासाआधी समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून आलेला असतो. बाकीचे बहुतेक जण आजारी नसतात, ते घाबरलेले असतात! (हा भाग वर्गात जसाच्या तसा दाखवू नका, त्यातले विनोद मोठ्यांसाठीचे आहेत. गोष्ट म्हणून सांगा, तेवढं पुरतं.)

आधी डायव्हिंगचं पाहू. आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हे प्रकरण आहे, तिथे हे छान बसतं. पाण्याखाली १० मीटर गेलं की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्या दाबाखाली घेतलेल्या श्वासातला जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. हळूहळू वर आलं आणि पुरेसा वेळ गेला की तो श्वासावाटे निघून जातो. पण लगेच विमानात बसलं तर? तिथला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे उरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांधे दुखतात, चक्कर येते, कधी जिवावरही बेततं.

हे दाखवायला एक सिरिंज पुरे. नवी, सुई नसलेली, २० मिलिलिटरची घ्या. तिच्यात थोडा सोडा ओढा, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे खेचा. दाब कमी झाला की सोड्यात बुडबुडेच बुडबुडे! सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि शरीरात प्रश्न नायट्रोजनचा असतो, एवढा फरक सांगायला विसरू नका.

आता गोवा जवळ आलाय, म्हणून पालकांसाठी महत्त्वाचं. गोव्याला किंवा तारकर्लीला स्कूबा केलं असेल तर परतीचं विमान लगेच पकडू नका. एकच साधी डुबकी असेल तर किमान १२ तास आणि बऱ्याच डुबक्या मारल्या असतील तर किमान १८ तास थांबावं, असा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. बरेच जण पूर्ण दिवस सोडतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं. सहलीचा कार्यक्रम आखतानाच डायव्हिंग पहिल्या दिवशी ठेवा.

पण विमानात दाब कमी म्हणजे किती? मोठ्या प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये तो साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याच्याही वरचा! चिप्सचं पाकीट फुगतं ते म्हणूनच. बाहेरची हवा याहून कितीतरी विरळ असते, आणि केबिनमधला दाब यंत्रणेने टिकवावा लागतो.

ती यंत्रणा सुरू नसेल तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनचा दाब राखणारा स्विच लावायचा राहिला. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं. वरून मास्क खाली आले, विमान परत मुंबईला उतरलं, सगळे वाचले. २००५ साली ग्रीसमध्ये हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाचा स्विच चुकीच्या जागी राहिला, तेव्हा मात्र १२१ जणांचा जीव गेला. म्हणून वैमानिक कितीही अनुभवी असला तरी यादी वाचून तपासणी करतो.

हवाई सुंदरी सांगते, "आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा." आईला हे ऐकायला कसंतरीच वाटतं ना? पण ३५,००० फुटांवर दाब गेला तर माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट भानावर असतो. आईच बेशुद्ध झाली तर लेकराला मास्क कोण लावणार? हा प्रश्न वर्गात टाका आणि उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

आता त्या घाबरलेल्या प्रवाशांकडे येऊ. डॉ. हाऊस मुद्दाम खोटंच जाहीर करतात की या आजारात डावा हात थरथरतो, आणि खरोखर लोकांचे डावे हात थरथरायला लागतात! शिक्षकांना हे नवीन नाही. शाळेत जंताची गोळी दिल्यावर एका मुलाला मळमळलं की बघता बघता दहा जण पोट धरून बसतात. ती पोरं नाटक करत नसतात, त्रास खराच होत असतो. अशा वेळी 'काही झालं नाही, गप बसा' म्हणणं चूक, आणि आरडाओरडा करणं त्याहून वाईट. आधी डॉक्टरांना बोलवा, कारण पहिल्या मुलाला खरंच काही झालेलं असू शकतं. मालिकेतही त्या पहिल्या प्रवाशाचा आजार खराच होता. डॉक्टर येईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत न्या आणि बाकीच्यांना मोकळ्या हवेत बसवून कुणीतरी शांत आवाजात त्यांच्याशी बोलत राहा.