सायकलचा दिवा कसा लागतो?

आमच्या आण्णांच्या जुन्या सायकलला डायनामो आहे. त्यात सेल नाही, तरी दिवा लागतो! गुरुजींनी त्याचे कारण सांगितले.

डायनामोत लोहचुंबक असते व त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरचे छोटे चाक टायरला टेकून फिरते. त्याबरोबर आतले चुंबक गरगर फिरते आणि तारेत वीज तयार होते. चुंबक नुसते तारेजवळ ठेवले तर वीज होत नाही, ते हलले पाहिजे. म्हणून सायकल जोरात पळवली की उजेड वाढतो आणि चढाला दिवा मिणमिणतो.

हा शोध इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावला. त्यांचे वडील लोहार होते. आपल्या कोयनेलाही अशीच वीज होते. तिथे पाण्याच्या जोराने मोठमोठी विद्युतचुंबके फिरतात.

पण एक ध्यानात ठेवा. सायकल थांबली की चुंबक थांबते आणि दिवा विझतो. मग अंधारात समोरच्या गाडीवाल्याला आपण दिसत नाही. म्हणून रात्री थांबायचे असेल तर आधी रस्त्याच्या कडेला जावे. आण्णांनापण मी हे सांगितले आहे.