ऑटोमॅटिक झटके देतेय? गिअरबॉक्स खोलू देण्याआधी

जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल.’ आज तरी खोलू देऊ नका. आधी स्वस्तातली कारणं तपासून घ्या.

तुमची गाडी नेमकी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, ते मॅन्युअलमध्ये बघा. सेलेरिओसोबत 2014 मध्ये आलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच तुमच्याऐवजी यंत्र दाबतं. गिअर बदलताना तिला थोडा हेलकावा असतोच, त्यासाठी पैसे घालू नका. झटके वाढत चालले असतील तर क्लच प्लेट झिजली असेल किंवा स्कॅनर लावून क्लचचं सेटिंग नव्यानं शिकवायला हवं असेल. सेटिंगला हजार-दीड हजार, प्लेट बदलायला लहान गाडीत साधारण 8 ते 15 हजार. प्लेटच्या आधी सेटिंग करून बघायला सांगा.

गाडी टॉर्क कन्व्हर्टर जातीची ऑटोमॅटिक असेल तर सुरुवात गिअरबॉक्सच्या ऑइलपासून. बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, सपाट जागेवर, ‘पी’मध्ये डिपस्टिक बघतात. होंडात मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात. ऑइल लालसर असेल तर ठीक. काळं पडून जळका वास येत असेल तर बदला. एका वेळी निम्मंसुद्धा निघत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवसांच्या अंतरानं दोनदा बदलावं लागतं. लिटरला 600 ते 1,500 रुपये, एका वेळी तीन-चार लिटर, मजुरी वेगळी, वेळ दोन तास. ‘सगळ्यांना चालतं’ असं म्हणत डबा पुढे केला तर नको म्हणा. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेडचं नाव आहे तेच हवं. सीव्हीटी जातीच्या ऑटोमॅटिकमध्ये साधं गिअर ऑइल घातलं तर गिअरबॉक्सच जातो. खूप जुन्या गाडीला मशीनचं प्रेशर फ्लशिंग मी तरी करून घेणार नाही.

आता गिअरबॉक्सच्या बाहेरची कारणं. ‘पी’मधून ‘डी’त टाकताच धाडकन आवाज येत असेल तर इंजिनचं फाउंडेशन गेलेलं असू शकतं: एकाला दीड ते चार हजार. इंजिन मिसिंग करत असेल तरी झटका गिअरचाच वाटतो. स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडी साफ करून बघा. नुकतीच बॅटरी बदललीत? कॉम्प्युटर गिअरची शिकलेली सवय विसरला असेल. काही दिवस शांतपणे चालवून बघा, फुकटात सुटतं.

त्यानंतर स्कॅनिंग. अर्धा तास, 500 ते 1,500 रुपये. पी0700 हा कोड फक्त ‘गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. त्याच्यासोबतचे कोड महत्त्वाचे. रिपोर्टची प्रिंट मागाच. सोलेनॉइडचा, म्हणजे ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, कोड आला तर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता काम होतं. पूर्ण दुरुस्ती 60 हजारांपासून दीड लाखापर्यंत जाते, आठवडाभर गाडी अडकते. अंदाजपत्रक गाडीच्या विक्री किमतीच्या निम्म्यावर गेलं तर विकण्याचा विचार करा. विम्यावर भिस्त ठेवू नका, झीज त्यात बसत नाही.

बिलात ‘कन्झ्युमेबल्स’, ‘अॅडिटिव्ह’, टोइंग आणि खोलून बघण्याची मजुरी या ओळी मागाहून घुसतात. दर आधीच विचारा. टोइंग शक्यतो फ्लॅटबेडवरच. पुढची चाकं जमिनीवर फिरवत ओढलं तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बिघडू शकतो. पक्क्या बिलात सुटे भाग आणि मजुरी दोन्हींवर 18 टक्के जीएसटी असतो. कच्च्या बिलावर तो वाचतो, पण वाद झाला की हातात पुरावा उरत नाही. जुने भाग परत घ्या.

फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिल, जॉब कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट जोडा.

आणि जॉब कार्डावर सही करताना स्वतःच्या हातानं एक ओळ लिहा: ‘मला फोन करून परवानगी घेतल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये.’