किमतीपुढची दोन अधिकचिन्हं

सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर मध्यरात्रीही बिनघोर फिरता येतं, असं जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो, आणि ते खरंच आहे. पण माझ्या मते तिथे खिशाला कात्री लागते ती याच बिनघोरपणामुळे. लुबाडणारं कोणी नाही म्हटल्यावर आपण वाचायचं सोडून देतो आणि पैसे जातात ते छापील, कायदेशीर, सगळ्यांसमोर टांगलेल्या अटींपायी. ऑर्चर्ड रोडलगतच्या एमराल्ड हिलवरच्या जुन्या पेरानाकान (चिनी-मलय वळणाच्या) घरांत थाटलेल्या बारपैकी एखाद्याचं मेनूकार्ड घ्या. कॉकटेलपुढे २० डॉलर आणि त्यापुढे बारीक टायपात दोन अधिकचिन्हं. पहिलं १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं ९ टक्के जीएसटीचं, आणि हा कर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे एक पेला २३ डॉलर ९८ सेंटना पडला, चौघांचे ९६ डॉलर झाले. काही ठिकाणी टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले रुमालही बिलात असतात. नको असतील तर आल्या आल्या परत पाठवावेत. वर टीप ठेवायची तर मुळीच गरज नाही, तिथे तो रिवाजच नाही. (आपल्याकडची मंडळी संकोचापोटी ठेवतात, तो भाग निराळा.)

यावर कोणी म्हणेल, एवढा खर्च करून परदेशी गेल्यावर चार डॉलरांचा हिशेब कसला करायचा? हिशेब चार डॉलरांपुरता असता तर मीही सोडून दिला असता. पण दुकानात कार्ड पुढे केलं की यंत्र विचारतं, पैसे रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये? रुपये ओळखीचे म्हणून आपण तेच बटण दाबतो आणि वाढीव विनिमय दर मुकाट्याने मान्य करतो. डॉलरच निवडावेत. पर्यटकाला खरेदीवरचा जीएसटी परत मिळतो, पण त्या योजनेतल्या दुकानातून किमान १०० डॉलरची खरेदी हवी, दुकानात पासपोर्ट दाखवायला हवा आणि वस्तू देशाबाहेर न्यायला हवी. हॉटेल नि जेवणाचा कर परत मिळत नाही. हॉटेलच्या खोलीत पासपोर्ट ठेवून खरेदीला निघणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

'आमचा मित्र जाऊन आलाय, त्याला सगळं माहीत आहे' हा दुसरा आक्षेप. मित्र कधी गेला होता, हे विचारा. जीएसटी २०२२ पर्यंत ७ टक्के होता, २०२३ मध्ये ८ झाला, २०२४ पासून ९ आहे. २०१९ पासून ऑर्चर्ड रोडच्या परिसरात नेमून दिलेल्या जागा सोडून सिगारेट ओढता येत नाही. आणि २०१५ च्या मद्यनियंत्रण कायद्याने रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी पिण्यास बंदी आहे, त्याच वेळात दुकानातून बाटलीही विकत मिळत नाही. बारमध्ये बसून प्यायला हरकत नाही, बाकावर कॅन उघडला तर हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मेट्रोची शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि मीटरच्या टॅक्सीला बारापासून पहाटे सहापर्यंत ५० टक्के जादा आकार लागतो. त्यामुळे संध्याकाळच्या 'हॅपी अवर'ला बसून अकराच्या सुमारास उठलेलं बरं. शेवटची गाडी चुकली, तर पेल्यावर वाचवलेलं टॅक्सीत जातं.