पूल पाहावा खालून

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी आणि देवळे येतात. पूल हा केवळ ओलांडून जाण्यासाठी, असा आपला समज. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र खेडोपाडी हिंडून जुने छपराचे पूल पाहणारे प्रवासी पुष्कळ. न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट या दोन राज्यांच्या सीमेवर, कनेक्टिकट नदीवर, १८६६ साली बांधलेला असा एक लाकडी पूल आजही उभा आहे. लांबी सुमारे ४५० फूट. 'घोडे सावकाश न्या, नाही तर दोन डॉलर दंड' अशा अर्थाची ताकीद त्याच्या दारावर लावलेली आहे.

पुलाला छप्पर कशासाठी? वाटसरू भिजू नये म्हणून, असे प्रथम वाटते. ते खरे नव्हे. लाकडी सांगाड्याच्या सांध्यांत पावसाचे पाणी मुरले की लाकूड कुजते आणि उघडा पूल थोड्याच वर्षांत निकामी होतो. वर छप्पर व बाजूंना फळ्या असल्या तर तोच शंभर वर्षे टिकतो. छप्पर माणसासाठी नसून लाकडासाठी आहे. वैरी वरून येतो, म्हणून बंदोबस्तही वर!

१८६६ हेच आपल्या वर्धा शहराच्या स्थापनेचे साल. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे रेल्वे आली. वर्धा नदीवरील रेल्वेपुलाजवळ जी वस्ती झाली, तिला पुलावरूनच पुलगाव हे नाव मिळाले. तिकडे नदी दोन राज्यांच्या मध्ये, इकडे वर्धा आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या मध्ये. आपल्या पुलांना मात्र छप्पर नाही, कारण दगडाला व चुन्याला पावसाचे तेवढे भय नाही.

मग त्यांना वैरीच नाही काय? आहे, तो खालून येतो. पुराचे पाणी खांबाला अडून भोवरे घेते आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून निघतो. वरून जाणाऱ्याला जखम दिसत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल दिसायला भक्कम होता, एवढ्याने भागत नाही.

म्हणून उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, आपण पुलांची सहल काढावी. आरंभ पवनारला करावा. १९३८ साली विनोबा धाम नदी ओलांडून तेथे राहावयास गेले; धामच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानाला त्यांनी 'परंधाम' म्हटले. आश्रम पाहून झाल्यावर नदीच्या पात्राकडे वळावे. पुढे आपापल्या गावच्या ओढ्यावरील पूल व रपटे पाहावेत. वहीत चार गोष्टी टिपाव्यात : बांधकामाचे साल, पुराच्या पाण्याची खूण, दगडांच्या फटीत रुजलेला पिंपळ आणि पायाशी उघडी पडलेली माती. शेवटच्या दोन दिसल्या तर वही मिटून घरी येऊ नये. ग्रामपंचायतीला व बांधकाम खात्याला लेखी कळवावे.

आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर अलीकडेच थांबावे. पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे काठावरून कोणालाच सांगता येत नाही.