वऱ्हाडचं ऊन आणि डोक्याच्या गोळ्या

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कानात येणारे आवाज आणि शेजारी पाळत ठेवतात हा संशय रिस्पेरिडोननं शमला, आणि तो अकोल्याजवळच्या आमच्या शेतात पुन्हा राबू लागला. या गोळ्या माणूस परत मिळवून देतात, हे आधी सांगते. पुढचं वाचून कुणी त्या मनानं बंद करू नयेत.

एका मे महिन्यात तो भरदुपारी वावरातून आला तो अंग भाजत होतं आणि बरळत होता. "ऊन लागलं त्याले, कांद्याचा रस चोळा," असं सगळे म्हणत होते. आम्ही ओल्या चादरीत गुंडाळून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी चालू गोळ्यांची पाकिटं मागितली, मग हातपाय वाकवून पाहिले. उष्माघातच होता. पण अंग लाकडासारखं ताठ असतं तर गोळ्यांमुळेच होणारा एक दुर्मीळ, जिवावरचा आजार धरावा लागला असता. घरी हा फरक ओळखत बसू नका. ताप आणि बरळणं दिसलं की अंग गार करत तडक दवाखाना, आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत पुढची गोळी नाही.

असं का होतं, ते तिथं कळलं. या औषधांनी मेंदूची शरीर थंड राखण्याची यंत्रणा मंदावते. त्यात हात थरथरू नयेत म्हणून सोबत दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल घामच अडवते. इकडे पारा ४५ च्या वर जातो. लिथियम घेणाऱ्यांचा धोका निराळा: अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साचतं.

उन्हाळा सोडूनही या गोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. वजन आणि साखर सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग दरवर्षी तपासावी; ओलान्झापिनवर तर नक्कीच. क्लोझापिनवर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात. मधेच घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. पाय एका जागी ठरत नसतील तर आजार उसळला असं घरचे समजतात, पण पुष्कळदा ते औषधामुळे असतं. काही बायकांची पाळी थांबते आणि त्या लाजेनं बोलत नाहीत. बोला. डोस बदलता येतो, औषधही. रात्रीबेरात्री विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

आमच्याकडे आता होळीच्या आधीच डॉक्टरांची भेट ठरते. ट्रायहेक्सिफेनिडिल अजून लागते का, कमी करता येईल का, हे तेव्हाच विचारायचं. वर्षानुवर्षं ती सगळ्यांना लागतेच असं नाही.