अंत्युखियाची मंडळी कोणी स्थापिली?

वाचावयाचा शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ८:१-८, ११:१९-२६

शिष्यांस ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, हे आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलेही सांगतील. परंतु त्या मंडळीचा पाया कोणी घातला असे विचारिले, तर बहुतेक जण पौलाचे नाव घेतात, कोणी पेत्राचे घेतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेतील मंडळीचा मोठा छळ झाला व प्रेषितांखेरीज सर्वांची पांगापांग झाली. ‘प्रेषितांखेरीज’ हे लूकाने उगाच लिहिलेले नाही. ज्यांच्याकडे मंडळीचा अधिकार होता ते यरुशलेमेतच राहिले, आणि जे घरदार सोडून पळाले तेच जातील तेथे सुवार्ता सांगत गेले. त्यांत फिलिप्प होता. त्यास तर विधवांच्या अन्नाची व्यवस्था पाहण्यास नेमिले होते. तो शोमरोनात उपदेश करू लागला. जे अंत्युखियास पोहोचले, त्यांची नावेसुद्धा आपणांस ठाऊक नाहीत. कोणी कुप्र बेटाचे, कोणी कुरेनेचे, एवढेच कळते. ह्याच निनावी लोकांनी हेल्लेण्यांस प्रभू येशूविषयी सांगितले, आणि पुष्कळ लोक विश्वास ठेवून प्रभूकडे वळले. पौल त्या गावी आला तो मागाहून, बर्णबाने शोधून आणिल्यावर.

अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांचीही गोष्ट अशीच आहे (कृत्ये १८). हे जोडपे तंबू करून पोट भरीत असे. शास्त्रात निपुण असा अपुल्लो त्यांस भेटला, तेव्हा त्यास घरी नेऊन त्याच्या ज्ञानातील उणीव ह्या दोघांनी भरून काढिली. शिकविणाऱ्यांत एक स्त्री होती, हे आपल्या पंचमंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे.

येथे कोणी म्हणेल, मग पाळक कशाला? ह्याचे उत्तर इफिसकरांस पत्र ४:११-१२ येथे आहे. प्रभूने पाळक व शिक्षक दिले ते पवित्र जनांस तयार करण्यासाठी. सेवेचे काम त्या पवित्र जनांचे आहे. आपल्याकडे उलटेच झाले आहे. मंडळीने गाडीत बसावे आणि पाळकाने एकट्याने जू ओढावे, अशी रीत पडली आहे. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी नेमिलेल्या सेवकाने चालवावे, ही आपल्या मंडळ्यांची शिस्त योग्यच आहे. परंतु आजाऱ्याजवळ बसणे, शेजाऱ्याचे भांडण मिटविणे, दुकानात माप खरे ठेवणे, मुलांस प्रार्थना शिकविणे, शोक करणाऱ्याच्या घरी वचन वाचणे, ह्यांस कोणती दीक्षा लागते? पंडिता रमाबाईंस पाळकपदाची दीक्षा नव्हती. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुली व विधवा ह्यांस केडगावी आश्रय दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून मराठीत केलेले त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. “आम्ही अडाणी, त्या विदुषी” असे कोणी म्हणू नये. कुरेनेच्या त्या माणसांच्या विद्येविषयी शास्त्र एक अक्षरही सांगत नाही.

आता बर्णबाकडे पाहू. यरुशलेमेच्या मंडळीने त्यास अंत्युखियास धाडिले. तेथे जाऊन त्याने देवाची कृपा पाहिली व त्यास आनंद झाला. “हे काम कोणाच्या परवानगीने चालविले?” असे त्याने विचारिल्याचे कोठे लिहिलेले नाही.

आम्ही मात्र ते विचारिले होते. त्या वेळी सहा गावे आमच्याकडे होती. एका पावसाळ्यात नदीस पूर आल्यामुळे पलीकडच्या गावी तीन आठवडे जाता आले नाही. गेलो तेव्हा कळले की, मंडळीतील एक म्हातारा वारला. एका शेतमजुराने स्तोत्र वाचिले, म्हाताऱ्याच्या विधवा बहिणीने प्रार्थना केली, आणि लोकांनी त्यास माती दिली. दोन्ही रविवारी उपासनाही झाली होती. आम्हांस आनंद व्हावयास पाहिजे होता. खरे सांगावयाचे तर प्रथम रागच आला, आणि “हे तुम्हांस कोणी सांगितले?” असे आम्ही जरा करड्या आवाजात विचारिले. मजूर खाली पाहू लागला. बाई म्हणाली, “साहेब, मढं घरात ठेवून नदी उतरायची वाट बघायची व्हती का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. रात्री कंदिलाजवळ अकरावा अध्याय काढून बसलो आणि तेविसाव्या वचनापुढे जाववेना. सकाळी त्या दोघांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आम्ही गावात असलो तरी शास्त्रपाठ त्या मजुरानेच वाचावा, असे तेव्हा ठरले. पहिल्या रविवारी तो आमच्यासमोर तीन ठिकाणी अडखळला. आमच्या पाठीमागे एकदाही अडखळला नव्हता, असे लोक सांगतात.