स्पीकरची पेटी करायचीच आहे, तर ऐक

मने, कुठला ड्रायव्हर घेऊ म्हणून विचारतेयस, पण आधी एक सांग, तू ऐकणार काय आहेस? किशोरीताई, भीमसेन, की गणपतीतला ढोल? तुला वाटेल ताई विषय टाळतेय. अगं, सगळं ह्यावरच ठरतं. फुल-रेंज म्हणजे खर्जापासून झांजेपर्यंत सगळं एकाच कागदी पडद्यावर सोपवायचं. मोठ्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्विटर कामं वाटून घेतात, मध्ये क्रॉसओव्हर असतो. इथे तो नाही, म्हणून गाणाऱ्याचा गळा अखंड येतो, कुठे सांधा जाणवत नाही. त्याबदल्यात काहीतरी सोडावं लागतं. काय सोडायचं ते पैसे मोजण्याआधी ठरव. छाती हादरलीच पाहिजे असं असेल तर हा नाद सोडून दे, मी नावं ठेवणार नाही.

तुझं गाण्याचं वेड मला माहीत आहे, म्हणून आकडेच देते. काळी एकचा पुरुषी षड्ज साधारण 139 हर्ट्झ, त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज निम्मा, म्हणजे 69. काळी पाचला गाणाऱ्या बाईचा षड्ज 233 आणि खर्ज 117. चार इंची चांगला ड्रायव्हर योग्य पेटीत 80 पर्यंत नीट उतरतो. म्हणजे किशोरीताईंचा तानपुरा पूर्ण मिळेल, भीमसेनांचा खर्ज थोडा दबेल. पण जवारीमुळे तानपुऱ्यात वरचे स्वरांश इतके असतात, की मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो भरून काढतो. मला हा सौदा परवडतो. ढोलाला नाही परवडणार.

आता खरेदी. तापकीर गल्लीत जा नाहीतर लॅमिंग्टन रोडला, दुकानदार आधी वॅट सांगेल. ते एका कानाने ऐक. तू तीन गोष्टी माग: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. पडदा स्वतःहून कुठल्या कंपनसंख्येला डोलतो, ते डोलणं किती लवकर आवरतं, आणि त्याच्या लवचिकपणाएवढी लवचिक हवा किती लिटर, एवढाच त्यांचा अर्थ. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी पाइप ठेवलेल्या, पेटीचं गणित मांडलं, 1970च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. म्हणून आज तुला अंदाजाने पेट्या फोडत बसावं लागत नाही. हे आकडे छापलेले नसतील तर तो ड्रायव्हर स्वस्तातही घेऊ नकोस. नावाजलेलं हवं असेल तर जपानच्या फॉस्टेक्सचा एफई103 बघ, 1964 पासून त्याच्या आवृत्त्या निघतायत. पण पहिल्या पेटीसाठी तेवढे पैसे घालायला मी सांगणार नाही.

समजा तुझ्या ड्रायव्हरचा एफएस 80, क्यूटीएस 0.38 आणि व्हीएएस 6 लिटर आहे. बंद पेटीत कोंडलास तर आतली हवा स्प्रिंगसारखी ताठ होते आणि खालचे स्वर दीडशेच्या आसपासच गळायला लागतात. ह्याला पोर्ट हवा. पेटी 4.2 लिटरची, पोर्ट 80 हर्ट्झला जुळवलेला. आतून 4 सेंटिमीटर व्यासाचा प्लंबिंगचा पाइप घेतलास तर लांबी साधारण 11 सेंटिमीटर. आधी तेरा काप, मग ऐकत ऐकत कमी कर. कापलेला पाइप वाढत नाही. पेटी आतून 14 रुंद, 20 उंच, 15 खोल केली की बरोबर 4.2 लिटर होतात, पण पाइप आणि चुंबकही जागा खातात, म्हणून खोली 17 धर. तिन्ही मापं सारखी ठेवायची नाहीत, नाहीतर आतला घुमारा एकाच स्वरावर जमतो. आणि क्यूटीएस 0.5च्या वर असेल तर हे सगळं विसर, बंद पेटी कर, सुखी राहशील.

मिस्त्रीला सहा सुती प्लाय सांग, चांगल्या प्रतीचा, मधे पोकळी नसलेला. तो म्हणेल, ताई, एवढ्याशा खोक्याला चार सुतीही चालेल. ह्या मापाच्या पेटीला चालेलही, पण तू सहावरच अड. मात्र जाड फळीत छोटा ड्रायव्हर बसवला की त्याच्या पाठीमागे बोगदा होतो आणि पडद्याची हवा अडते. भोकाची आतली कड तिरकी तासून घे. भोक ड्रायव्हर हातात आल्यावरच पाड. बाकी फळ्या फेव्हिकॉलने चिकटव, पण मागची फळी स्क्रू आणि पातळ फोमच्या पट्टीवर ठेव, कारण आत भरायचा रेक्रॉन कमीजास्त करत बसावं लागणार आहे. तो पाइपच्या तोंडाशी येऊ देऊ नकोस.

आणि ड्रायव्हर आवळताना पेचकस दोन्ही हातांनी धर. चुंबक त्याला ओढतं, आणि टोक सटकलं की थेट कागदात जातं. जोडणी उलटी नाही ना, ते दीड व्होल्टच्या सेलने बघ: धनाला धन लावलं की पडदा पुढे यायला हवा, दोन्ही पेट्यांत.

ऐकायला बसलीस की पहिल्यांदा वाटेल, आवाज पातळ आहे. दचकू नकोस. तुझ्या पेटीचा पुढचा चेहरा साडेसतरा सेंटिमीटरचा, म्हणून साधारण साडेसहाशे हर्ट्झच्या वरचं सगळं पुढे येतं आणि खालचं पेटीला वळसा घालून मागेही पसरतं. कॉइल आणि रेझिस्टर समांतर जोडून हा फरक काढता येतो, पण आधी पेटी भिंतीजवळ सरकवून बघ, फुकटात बरंच सुधारतं. उंच स्वर मात्र समोरच्या सरळ रेषेतच जातात, म्हणून ड्रायव्हर बसलेल्या कानाच्या उंचीला ठेव. किती आत वळवायचा ते तुझं तू ठरव.

अ‍ॅम्प्लिफायरला टीपीए3116चा तयार बोर्ड आणि लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर पुरे. घरच्या विजेशी उघड्या हाताने खेळायचं नाही, त्यात मी काही ऐकून घेणार नाही. बास बूस्ट बंद ठेव: 80च्या खाली पोर्ट पडद्याला आवरत नाही, तो नुसता फडफडतो आणि तुला त्यातून आवाजही मिळत नाही.

सनमायका, पॉलिश वगैरे महिनाभर नको. तोवर मागची फळी बऱ्याचदा उघडशील. आणि मिस्त्रीला रविवारी दुपारी बोलावू नकोस, बाबा झोपतात.